पूर ओसरल्यावर आलेला पावणा

"दीदी, वो पानी मत लीजिए!"

दानेश्वरीनं नुकतीच बादली विहिरीत सोडली होती. दोर तसाच हातात धरून तिनं मागं वळून पाहिलं. गल्लीतल्या चिखलातून एक तरुण घाईघाईनं येत होता. पायात गुडघ्याएवढे गमबूट, अंगात पिवळा रेनकोट, आणि चिखल मात्र थेट भुवयांपर्यंत. मधूनच पाय रुतायचा, बूट मागंच राहायचा, आणि तो एका पायावर बगळ्यासारखा उभा राहून बूट ओढून काढायचा.

"पीत न्हाय. घर धुतीय," ती म्हणाली. "आणि दीदी कुणाला म्हणतोस रं? माझ्यापेक्षा थोराड दिसतोस."

"थोराड... मतलब?"

"मतलब देखणा."

त्याचा चेहरा चिखलाखाली उजळला. "अच्छा! थँक यू."

आपण असं का बोललो, हे दानूला स्वतःलाच कळेना. कुरुंदवाडातून पाणी उतरून जेमतेम आठवडा झाला होता. गल्लीभर कुजलेल्या धान्याचा, डिझेलचा आणि मेलेल्या जनावरांचा वास कोंडला होता. तो वास डोक्यात भरून राहायचा, जेवणात यायचा, झोपेतही सोडायचा नाही.

"नाव काय म्हणायचं पावण्याचं?" तिनं विचारलं.

"सुवास."

तिनं नाकाला धरलेला पदर खाली आला. एकदा त्याच्याकडं, एकदा त्या चिखलाकडं तिनं पाहिलं... आणि ती हसली. फिस्सकन, आवरेना असं. लगेच तिनं तोंडावर हात दाबला. आईला, म्हणजे अव्वाला, माती देऊन पंधरवडा उलटला नव्हता, आणि ती दारात उभी राहून एका परक्या माणसासमोर हसत होती. डोळे एकदम भरून आले. सुवासला काही समजलं नाही. तो बिचारा आपल्या नावात काय चुकलं याचा विचार करत उभा राहिला.

*

दानूची अव्वा, मल्लव्वा, पुरात गेली होती.

दानू कोल्हापुरात मावशीकडं राहून एका औषधाच्या दुकानात काम करायची. पाणी चढायला लागलं तेव्हा तिनं घरी फोन केला होता. अव्वा म्हणाली, "तू येऊ नगंस, रस्ता बंद हाय. मी बरी हाय." तेच शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी दारात आलं, बोट आली. अव्वानं आधी अप्पांना बोटीत बसवलं आणि म्हणाली, "म्हशीचं दावं सोडून आले बघा." दावं तिनं सोडलं. म्हैस पोहत बाहेर आली. मागं गोठ्याची भिंत बसली.

गावात माती द्यायलासुद्धा कोरडी जागा उरली नव्हती. शिरोळच्या माळावर पाहुण्यांच्या रानात अव्वाला ठेवलं. दानू तेव्हा रस्ते खुले होण्याची वाट बघत कोल्हापुरातच अडकली होती. तिला अव्वाचं तोंड बघायला मिळालं नाही.

आता अप्पा, म्हणजे दानूचे वडील रुद्राप्पा, आपल्या सरकी-पेंडीच्या दुकानाच्या कट्ट्यावर दिवसभर बसून असायचे. आत पोती फुगून फुटलेली. कधीकाळी अख्ख्या बाजारपेठेला ऐकू जाईल असा आवाज असलेला हा माणूस. आता कुणी काही विचारलं तर नुसता बघायचा. चंद्री म्हैस जिवंत परत आली होती. पण अप्पांनी तिला दारात उभी करू दिली नाही. शेजारच्या मलिकाखालानं तिला आपल्या परड्यात बांधली होती आणि ती कशीबशी धार काढायची.

सुवास नेपाळचा. सिंधुपाल्चोकच्या डोंगरातला. एका संस्थेबरोबर तो पूरग्रस्त गावातल्या विहिरी साफ करायला आला होता. शाळेच्या वर्गात मुक्काम, सकाळी उठून पंपानं विहिरीतला गाळ उपसायचा, भिंती घासायच्या, पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकायची, मग काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात तपासणीच्या औषधाचा थेंब टाकायचा आणि रंग बघत बसायचं. त्याची हिंदी गावातल्या बायकांना कळेना आणि बायकांची भाषा त्याला. तेव्हा संस्थेच्या साहेबांनी दानूला विचारलं, थोडे दिवस आमच्याबरोबर फिराल का? घरात बसून भिंतीवरची पाण्याची खूण बघण्यापेक्षा ते बरं, म्हणून ती हो म्हणाली.

पहिल्याच दिवशी एका वस्तीवर सुवास बायकांपुढं उभा राहिला, हात जोडले आणि पाठ केलेलं बोलला, "नमस्कार. माझं नाव सुवास. मी लई थोराड आहे."

बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "व्हय बाबा, दिसतंयच की!" दानू विहिरीच्या आडोशाला जाऊन उभी राहिली. परतताना तो तोच शब्द मनाशी घोळवत होता. शेवटी न राहवून त्यानं आपल्या हिंदीत विचारलं,

"थोराड म्हणजे देखणा नाही?"

"न्हाय."

"मग?"

"...वयानं मोठा. निबर."

त्यानं बूट काढून त्यातलं पाणी ओतलं. मग म्हणाला, "पण तू पहिल्यांदा बोललीस ते खरं समजून मी चार दिवस खूष होतो. ते परत नाही देणार."

*

असे दिवस जाऊ लागले. संस्थेची एक जुनी मोटारसायकल होती. तो चालवायचा, ती मागं बसायची आणि दोघांच्या मध्ये ब्लीचिंग पावडरचा निळा डबा. राजापूर, खिद्रापूर, अकिवाट... प्रत्येक गावात तोच चिखल, तेच पडलेले गोठे, दारात वाळत घातलेल्या त्याच गाद्या. माणसं आधी पाण्याचं विचारायची आणि मग हळूच दुसरंच सांगायला लागायची. कुणाची गाय गेलेली, कुणाच्या लग्नातले फोटो. सुवासला शब्द कळायचे नाहीत, तरी तो हातातलं काम थांबवून ऐकत राहायचा. मध्ये दानू सांगायला लागली की तो हळूच मान हलवायचा... सांगू नकोस, कळलं.

दुपारी कुणाच्या तरी ओसरीवर जेवण व्हायचं. भाकरी त्याला मोडता यायची नाही. ठेच्याचा घास घेऊन त्याचे कान लाल व्हायचे आणि तरीही तो पुन्हा हात पुढं करायचा.

"भात मिळंल उद्या," दानू म्हणायची.

"रोज उद्याच म्हणतेस."

"मग रोज येतोस की न्हाई, उद्याच्या आशेनं?"

तो हसून खाली बघायचा. त्याच्या पापण्या लांब होत्या, हे तिनं पाहिलं होतं. तिनं ते पाहिलं, हे त्यानंही पाहिलं होतं.

संध्याकाळी परतताना पावडर संपलेली असायची, डबा रिकामा. तरी तो डबा दोघांच्या मधोमधच असायचा. एक दिवस सुवासनं निघताना डबा उचलला आणि काही न बोलता मागच्या कॅरिअरला दोरीनं बांधून टाकला. दानू क्षणभर उभी राहिली. मग बसली. त्या दिवशी वस्तीपासून घरापर्यंत रस्त्यातले सगळे खड्डे त्यानं फार जपून चुकवले.

*

दसऱ्याच्या आसपासची गोष्ट. मलिकाखाला तापानं पडली आणि चंद्रीची धार काढायला कुणी उरलं नाही. दानूनं जाऊन बघितलं. म्हशीनं लाथ मारून बादली उडवली. कास तटतटलेली, म्हैस हंबरत होती. तो आवाज समोरच्या कट्ट्यावर बसलेल्या अप्पांना ऐकू येत होता, पण ते उठले नाहीत.

"मी काढतो," सुवास म्हणाला. "आमच्या घरी दोन म्हशी होत्या."

"होत्या?"

बाह्या सारून तो खाली बसला. चंद्रीनं एकदा वळून पाहिलं आणि त्यालाही लाथ दिली. तो चिखलात उताणा पडला. उठला, पुन्हा बसला. पुन्हा लाथ. तिसऱ्यांदा तो बसणार तोच मागून आवाज आला,

"आरं, बोटानं वढू नगंस! मूठ वळ की, मूठ!"

दानू दचकली. अप्पा परड्याच्या दारात उभे होते. किती दिवसांनी त्यांचा आवाज असा फुटला होता... चिरका, गंजलेला.

"आणि हाक मारल्याबिगर पान्हा सोडत न्हाई ती."

"कशी हाक?" सुवासनं विचारलं.

अप्पा तसेच उभे राहिले. ती हाक त्यांची नव्हती, मल्लव्वाची होती. रोज सकाळ-संध्याकाळ परड्यातून घरात ऐकू यायची ती. ओठ हलले, थांबले. मग ते पुढं आले, चंद्रीच्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी बायकोच्या हेलात म्हणाले,

"ये गं बाई माझे... ये..."

म्हशीनं कान पाडले. कासेतून दूध झरायला लागलं. अप्पा खाली बसले, तिच्या कुशीला कपाळ टेकवलं आणि धार काढता काढता लहान मुलासारखे रडू लागले. बादलीत दूध पडत राहिलं.

दानूला पुढं जावंसं वाटलं. सुवासनं हातानंच तिला थांबवलं. "राहू दे," तो पुटपुटला. दोघं विहिरीपाशी येऊन बसले. त्यानं आपल्या गळ्यातला पंचा तिच्या पुढं धरला. तिनं तो घेतला, पण डोळ्याला लावला नाही. तिला रडू येत नव्हतं. अव्वा गेल्यापासून आलंच नव्हतं, नुसतं डोळ्यांपर्यंत येऊन परत जायचं.

त्या दिवशी त्यानं आपलं सांगितलं. थांबत थांबत, अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत. भूकंप झाला तेव्हा तो काठमांडूत शिकत होता. डोंगर रस्त्यावर आलेला. गावापर्यंत पोचायलाच कितीतरी दिवस गेले. बाबा आणि धाकटी बहीण घराखाली होते. आमा, त्याची आई, शेतात गेली होती म्हणून वाचली. मदतीला आलेल्या लोकांबरोबर तो तिथंच दगड उचलायला लागला आणि मग ते लोक जिथं गेले तिथं गेला. आसाम, केरळ, आता इथं.

"आणि आमा?"

"तिथंच. पत्र्याच्या घरात. दर शनिवारी फोन करतो."

"आणि घरी कधी जातोस?"

त्यानं खिशातली काचेची नळी विहिरीच्या पाण्यानं भरली आणि तो तिचा रंग बघत राहिला. त्या पाण्यात अजून थेंबही टाकलेला नव्हता.

*

थंडी पडली. ऊस तुटायला लागला, विहिरींचं काम संपत आलं. जानेवारी सरता सरता एका शनिवारी सुवास म्हणाला, "मला एकदा डोंगर दाखव. इतक्या सपाट जमिनीवर मला झोप लागत नाही."

ती त्याला जोतिबाला घेऊन गेली. गुलालानं गुलाबी झालेल्या पायऱ्या, खोबऱ्याचा वास, दर्शन घेऊन दोघं मागच्या कड्याकडं आले. खाली धुक्यात शेतं पसरलेली.

"हा डोंगर?" तो म्हणाला. "आमच्यात याला उतार म्हणतात. म्हातारी माणसं जेवण झाल्यावर फिरायला येतात एवढ्यावर."

"मग चढताना दम कुणाला लागला हुता?"

"तो दम डोंगराचा नव्हता."

"मग कशाचा?"

"...विचारायचं होतं काहीतरी. त्याचा."

दानूनं वाऱ्यानं उडणारा पदर हातात गच्च धरला. तो बोलायला तोंड उघडणार इतक्यात त्याचा फोन वाजला.

आमाचा फोन. आज त्यानं केला नव्हता म्हणून तिनंच केलेला. सुवास दोन पावलं बाजूला गेला, पण वारा दानूकडंच येत होता. तिकडून खोकल्याची मोठी उबळ ऐकू आली, मग एक थकलेला, मऊ आवाज. सुवास "सन्चै छु, आमा... सन्चै छु" म्हणजे मी बरा आहे, असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. फोन त्यानं घाईनंच ठेवला.

"काय म्हणत होत्या?"

"काही नाही. छातीत कफ आहे. शेजारी म्हणतात, तिला आता चालवत नाही. पण ती म्हणते येऊ नको, रस्ता वाईट आहे, मी ठीक आहे." आणि मग, जणू ते बोलणं मागं टाकण्यासाठीच, तो भराभर बोलायला लागला. "दानू, ऐक. संस्थेला मी सांगितलंय, मी कोल्हापुरातच राहतो. इथं खोली घेईन. अप्पांना विचारेन. मला... मराठीत येत नाही हे. आमच्यात म्हणतात, मलाई तिम्रो माया लाग्छ."

त्याला सांगावं लागलं नाही. माया लागते... ते तिला तिच्या हाडामांसात कळलं. इतके महिने ज्या शब्दाची ती वाट बघत होती तो असा, परक्या मुलखातून, आपलाच होऊन आला होता. तिला वाटलं, हो म्हणावं. आत्ता, या वाऱ्यात, दुसरं काही न बोलता.

पण कानात अजून तो थकलेला आवाज होता. येऊ नको. रस्ता वाईट आहे. मी ठीक आहे.

"मलाबी लागलीय," ती म्हणाली. "लई लागलीय, सुवास. म्हणून सांगते. घरी जा."

"काय?"

"आईकडं जा. आत्ता. उद्या न्हाई."

"मी तुला काय विचारतोय आणि तू..."

"माझी अव्वाबी हेच म्हणाली हुती," ती म्हणाली. "अक्षर न् अक्षर. मी ऐकलं तिचं. रस्ता बंद हुता खरा... पण मी चालत निघाले असते, कुणाच्या बोटीत बसले असते... काय झालं असतं न्हाई ठाऊक. पण मी तिचं ऐकलं आणि बसून राहिले." तिनं श्वास घेतला. "तुझा रस्ता बंद न्हाई. वाईट हाय नुसता. गावोगावची घरं धुतोस, परक्याच्या म्हशीच्या लाथा खातोस, आणि आईच्या दारात पाय ठेवत न्हाईस?"

सुवासचा चेहरा पांढरा पडला. त्यानं पायाशी पडलेला एक दगड उचलला आणि अलगद परत ठेवला.

"मला तो डोंगर बघवत नाही, दानू," तो शेवटी म्हणाला. "बहिणीची ओढणी दगडात अडकली होती... ती अजून तिथंच असेल असं वाटतं."

"आमा रोज बघते की," दानू हळूच म्हणाली. "एकटी."

तो खाली बसला. ती त्याच्याजवळ बसली आणि पहिल्यांदाच तिनं त्याचा हात आपल्या हातात घेतला. पंप ओढून ओढून खरबरीत झालेला हात. देवळाकडून चांगभलंचा गजर ऐकू आला. दोघंही रडत नव्हते. नुसते बसले होते, ऊन कलंडेपर्यंत.

"तू चल माझ्याबरोबर," उठताना तो म्हणाला.

"अप्पा आत्ता कुठं दुकान उघडाय लागल्यात. मी गेले तर परत कट्ट्यावर बसतील." ती हसण्याचा प्रयत्न करत म्हणाली, "दोघांच्या घरात एकेक म्हातारं माणूस हाय, थोराड."

*

फेब्रुवारीतल्या एका सकाळी कोल्हापूरच्या स्टँडवर पुण्याची बस लागली होती. तिथून पुढं रेल्वेनं गोरखपूर, मग सीमा, मग डोंगर.

अप्पाही आले होते. कुणी बोलावलं नव्हतं; सकाळी धोतर नेसून, टोपी घालून आपणहून तयार होऊन बसले. हातात गुळाची ढेप, फडक्यात बांधलेली.

"आईला दे," ते म्हणाले. "म्हणावं, सुंठ घालून घे. खोकला मोकळा हुतो."

सुवास त्यांच्या पाया पडायला वाकला. अप्पांनी त्याला खांद्याला धरून उठवलं, दानूकडं एकदा पाहिलं आणि स्टँडवरच्या साऱ्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"आणि परत आलास तर दारातनं हाक मार. विहिरीवर उभा ऱ्हाऊन कुजबुजत जाऊ नगंस. मी काय भैरा न्हाई!"

सुवासचे कान ठेच्याचा घास खाल्ल्यासारखे लाल झाले. बस सुरू झाली. खिडकीतून त्यानं हात बाहेर काढला. दानू दोन पावलं बरोबर चालली, तिची बोटं त्याच्या बोटांना लागली... आणि सुटली.

"पोचलास की सांग," ती म्हणाली.

"सांगेन."

"आणि तिला सोडून येऊ नगंस. माझ्यासाठीबी न्हाई."

गाडीच्या आवाजात त्याचं उत्तर ऐकू आलं नाही.

पुढं मार्चअखेर टाळेबंदी लागली, सगळे रस्ते आणि सीमा बंद झाल्या. सुवास तोपर्यंत आमाजवळ पोचला होता. श्रावणात आमा गेली, त्याच्या मांडीवर डोकं ठेवून. नंतर गावातल्या लोकांनी त्याला सोडलं नाही; वरच्या झऱ्याचं पाणी घरोघर आणायचं काम त्यानं अंगावर घेतलं. दर शनिवारी त्याचा फोन येतो. येईन म्हणतो. ये म्हणते ती. दोघंही तारीख विचारत नाहीत.

पण हे सगळं पुढचं. त्या सकाळी दानूला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. बस वळणावरून दिसेनाशी झाली होती आणि तिला जागचं हलता येत नव्हतं.

"चल," अप्पा म्हणाले. "भूक लागलीय मला. कायतरी खाऊया."

स्टँडसमोरच्या हॉटेलात त्यांनी दोन कटवडे मागवले. लालभडक कटाची तर्री, वर कांदा. दानूनं एक घास घेतला. दुसरा घेतला. आणि मग इतके महिने डोळ्यांपर्यंत येऊन परत गेलेलं सगळं एकदम फुटलं. अव्वासाठी, त्या बसमध्ये बसलेल्यासाठी, कोण जाणे कुणासाठी. ताटलीवर वाकून ती हुंदके देत राहिली. शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली.

अप्पा आपला वडा खात होते. थोड्या वेळानं त्यांनी पाण्याचा तांब्या तिच्याकडं सरकवला.

"तिखट हाय व्हय गं?"

"व्हय," दानू कशीबशी म्हणाली. "लई तिखट हाय."

अप्पांनी मान हलवली, आणि वेटरला हाक मारून तिच्यासाठी आणखी एक पाव मागवला.